अर्जात 'बदनामी' हा शब्द शेवटी लिहा

कुणी आपला फोटो उचलून त्याखाली खोटंनाटं लिहिलं की बहुतेक जण तडक पोलीस ठाणं गाठतात आणि अर्जाची पहिली ओळ लिहितात, 'माझी बदनामी केली आहे.' ठाणे अंमलदार एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद करतो आणि कोर्टात जायला सांगतो. राग येतो, पण त्याचं चुकलेलं नसतं. भारतीय न्याय संहितेतलं कलम ३५६, म्हणजे बदनामी, अदखलपात्र आहे; कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. त्याची फिर्याद ज्याची बदनामी झाली त्यानेच न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे करायची असते.

म्हणून त्या पोस्टमध्ये दखलपात्र काय आहे ते आधी शोधायचं. तुमच्या नावाने, तुमचा फोटो लावून बनावट खातं काढलं असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६ सी आणि ६६ डी ही कलमं. ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. फोटोत फेरफार करून नाव खराब केलं असेल तर न्याय संहितेचं ३३६(४). फोटो काढून टाकायचे पैसे मागितले तर ३०८, खंडणी. अश्लील मजकुराला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७, उघड लैंगिक असेल तर ६७ ए, खासगी अवयवांचा फोटो संमतीविना काढला किंवा पसरवला तर ६६ ई. ही कलमं पुरुष तक्रारदारालाही उपयोगी पडतात. न्याय संहितेचं पाठलागाचं कलम ७८ मात्र पीडित स्त्री असेल तरच लागतं.

'६६ ए लावा' असं सांगणारे अजून भेटतात. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दलचं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच रद्द केलं. त्या खटल्याचं मूळ आपल्याच पालघरचं, २०१२ मधली फेसबुक पोस्टवरून झालेली दोन तरुणींची अटक.

लग्नातला साधा फोटो आणि खाली 'हिने पैसे बुडवले' एवढंच असेल, तर दखलपात्र असं हाती फारसं लागत नाही. तिथे ओढूनताणून कलमं बसवण्यात महिने घालवू नयेत. सरळ फिर्याद किंवा दिवाणी दावा करावा.

हे सगळं पुराव्यावर उभं राहतं, आणि पुरावा बहुधा पहिल्या तासातच वाया जातो. घाबरून आधी 'रिपोर्ट' दाबलं, पोस्ट उडाली, की लिंकही मेली. आधी गोळा करा, मग रिपोर्ट करा. संगणकावर ब्राउझरमध्ये पोस्ट उघडा. पत्त्याची पट्टी, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. प्रोफाइलची लिंक वेगळी जपा, कारण दिसणारं नाव दोन मिनिटांत बदलता येतं, आणि 'अमुक नावाचं खातं' एवढ्यावर पोलीस कंपनीकडे काही मागू शकत नाहीत. प्रत्येक पोस्टची लिंक स्वतंत्र लिहा. व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर चॅट एक्स्पोर्ट करा आणि ज्या फोनवर मेसेज आला तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. ग्रुपच्या ॲडमिनला आरोपी करण्याचा हट्टही नको; सदस्याच्या पोस्टसाठी केवळ ॲडमिन म्हणून तो जबाबदार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे.

कोर्टात नुसत्या प्रिंटा चालत नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, फाइलच्या हॅश व्हॅल्यूसह (हॅश म्हणजे फाइलवरून निघणारी तिची आकडी-अक्षरी ओळखखूण). एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. जुन्या पुरावा कायद्यात हेच ६५ बी होतं. ते का टाळता येत नाही, हे जालन्याच्या निवडणुकीवरून गेलेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात २०२० साली पक्कं झालं.

आता पोस्ट काढायचं. ॲपमधलं बटण पुरेसं नाही; कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे स्वतंत्र लेखी तक्रार करा. नग्न किंवा फेरफार केलेला फोटो असेल, किंवा तुमचं सोंग घेतलं असेल, तर २०२१ च्या आयटी नियमांतला नियम ३(२)(बी) नावानिशी लिहा. हे नियम आले तेव्हा त्यासाठी २४ तासांची मुदत ठरली होती. निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. खासगी क्षणांच्या फोटोंसाठी 'स्टॉप एनसीआयआय' ही वेबसाइट बघा: फोटो तुमच्याच फोनमध्ये राहतो, फक्त त्याचा हॅश सहभागी कंपन्यांकडे जातो. वय १८ पूर्ण हवं. आणि एक दुर्लक्षित वाट: सेल्फी तुम्हीच काढलेला असेल तर त्याचा कॉपीराइट तुमचा. खोटेपणा सिद्ध करत बसण्यापेक्षा ती तक्रार पुष्कळदा लवकर मार्गी लागते.

राष्ट्रीय सायबर पोर्टलवर मिळालेला पोच क्रमांक म्हणजे एफआयआर नव्हे. तो घेऊन ठाण्यात जावंच लागतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचा तपास निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचाच अधिकारी करू शकतो, म्हणून 'साहेब नाहीत' हे उत्तर मिळतं; पण अर्ज घेऊन पोच द्यायला साहेब लागत नाहीत. हद्दीचं कारण सांगितलं तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी त्याच ठाण्यात नोंदवायचा एफआयआर. तरी नोंद होत नसेल तर पोलीस अधीक्षकांना (शहरात उपायुक्तांना) लेखी अर्ज रजिस्टर पोस्टाने, आणि त्यानंतर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली. उशीर नको. काढलेला मजकूर कंपनीने तपासासाठी १८० दिवस जपायचा, असं नियम सांगतो. पुढचा भरवसा नाही.

दिवाणी दाव्यात तात्पुरता मनाई हुकूम मागता येतो, आणि लिहिणारा अज्ञात असेल तर त्याच्या खात्याची माहिती देण्याचा आदेश कोर्ट कंपनीला देऊ शकतं. 'हा माणूस उर्मट आहे' हे मत झालं, त्यावर दावा टिकायचा नाही. 'याने सोसायटीचे पैसे खाल्ले' हे विधान आहे, ते खोटं असेल तर टिकेल. चिडून तुम्हीच त्याचा फोटो 'हा बघा फ्रॉड' म्हणून टाकलात तर उलटी फिर्याद ठरलेली. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, फोन १५१००. फौजदारी बदनामीला ३ वर्षांची मुदत आहे, पण नुकसानभरपाईचा दावा मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून १ वर्षाच्या आतच करावा लागतो, आणि पोलिसांच्या चकरा मारताना नेमकी हीच मुदत उलटून जाते.