आधी तळवा

बुटांच्या दुकानात मी आधी बूट उलटा करते. रंग, लेस, किंमत नंतर. खाचांत नख घालायचं, अंगठ्याने दाबून रबर किती नरम आहे ते पाहायचं. परवा दुपारी दुकानातल्या काकांनी माझ्या हातून बूट हळूच काढून घेतला आणि सरळ ठेवला. "उलटा नका ठेवू ताई, भांडणं होतात." आमच्याकडे उलटी चप्पल दिसली की आई हातातलं काम टाकून आधी ती सरळ करायची. भांडणं व्हायची ती होतच.

मला बूट हवे होते ते व्हाळात, म्हणजे गावच्या ओढ्यात उतरायला. गणपतीला गावी गेलं की विसर्जनानंतर गरी टाकून मासे गरवायचे हे ठरलेलं. त्याआधी घरात मासा नाही, त्यामुळे हात शिवशिवत असतात. काकांनी ट्रेकिंगचे जाडजूड बूट काढले. बोटभर खोल खाचा! चिखलात त्या कामाच्या, पण शेवाळ धरलेल्या गुळगुळीत धोंड्यावर खाचेला रुतायला काही नसतंच. तिथे रबर नरम हवं आणि तळव्याचा जास्तीत जास्त भाग दगडाला टेकायला हवा. हे मी काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "चालून बघा ना." कोरड्या लादीवर! तिथे माझी रबरी स्लिपरसुद्धा घट्ट धरते.

आत्या अनवाणी उतरायची. लुगडं गुडघ्यावर खोचलेलं, कमरेला गांडुळांची करवंटी, हातात बांबूची काठी. तिच्या पायाची बोटं पंख्यासारखी फाकलेली, प्रत्येक बोट वेगळं धोंडा चाचपणारं. मी मागून जाळीदार प्लास्टिकच्या बुटांत खडे कुरकुरवत. "पाय उचलू नको गो, सरकव." वळून न बघता म्हणायची. पाण्याच्या आवाजात तिला माझा पाय उचललेला कसा कळायचा, देव जाणे. पाण्यात पांढरे धोंडे टाळायचे की काळे, यावर तिचं आणि बाबांचं कधीच एकमत झालं नाही. दोघंही घसरत नसत.

शेवाळावर धरतो तो फेल्ट, म्हणजे तंतू दाबून केलेलं घट्ट कापड. हार्मोनियमच्या पट्ट्यांखाली असतो ना, तोच, फक्त जाड. बुळबुळीत थरातून तो दाबला जाऊन दगडाला टेकतो. जपानात डोंगरातले ओढे चढणारे लोक पूर्वी भाताच्या पेंढ्याच्या चपला घालत, वाराजी म्हणतात त्यांना. आता फेल्टच्या तळव्याचे ताबी आले, म्हणजे अंगठ्याला वेगळा कप्पा असलेले बूट. आमच्या खळ्यात पेंढ्याची उडवी उभी असायची आणि त्यातून चप्पल वळावी असं कोणालाही सुचलं नाही. गुरांनीच खाल्ला सगळा.

भाचा न्यूझीलंडला, दक्षिण बेटावर असतो. त्याच्याकडे ट्राउट माशांच्या नद्या आहेत, म्हणून मी त्याला फेल्टचे बूट आणायला सांगितले. तर म्हणे मासेमारीसाठी फेल्टच्या तळव्यांना तिथे 2008 पासून बंदी आहे. 2004 मध्ये त्यांच्या नदीत डिडिमो नावाचं सूक्ष्म शैवाल सापडलं. ते वाढलं की दगडांवर मळकट लोकरीसारखा थर चढतो. फेल्ट लवकर वाळत नाही, त्याच्या ओलाव्यात पेशी जिवंत राहतात आणि बुटाबरोबर पुढच्या नदीत पोचतात. म्हणजे शेवाळावर सगळ्यात छान धरणारा तळवाच शेवाळ पोचवणारा! भाचा रबरी तळव्याचे बूट घालतो आणि नदी बदलण्याआधी ते तपासतो, धुतो, वाळवतो. घरी असताना ओला टॉवेल पलंगावर टाकणारा मुलगा.

रबराला खिळे ठोकलेलेही मिळतात, टंगस्टन कार्बाइडचे. ते धरतात म्हणे, पण कातळावर करकरतात. मासा दूर, आधी शेजारच्या घाटावर धुणं धुणाऱ्या बायका वळून बघतील.

शेवटी बूट घेतले. नरम रबर, उथळ खाचा, पाणी निथळायला बाजूला भोकं, जाड मोजा मावेल असा एक नंबर मोठा. त्यांच्यावर विश्वास टाकायचा तो काठाजवळच्या पाण्यात, पोटरीपर्यंत. वर घाटात पाऊस लागला असेल तर आपल्याकडे ऊन असतानाही व्हाळ गढूळतो, पाला आणि काटक्या वाहत यायला लागतात. तेव्हा आत्या गरीला मासा लागलेला असला तरी काठी सोडून द्यायची आणि माझं मनगट धरून काठ गाठायची. त्या पाण्यात कुठलाच तळवा धरत नाही.