तुम्ही विचारलंत म्हणून: जलपर्णी परत येतेच, मग काढता कशाला?

रविवारी सकाळी गुडघाभर चिखलात उभं राहून पाण्यावर पसरलेली ही तरंगती वनस्पती उपसत असलं की काठावरून हा प्रश्न हमखास येतो. घरचेही विचारतात. प्रश्न रास्त आहे, कारण ती परत येते हे खरंच आहे.

एखादं रोप हातात घेऊन बघा. देठाचा फुगवटा दाबला की आत नुसता स्पंज. त्यातल्या हवेवरच ते तरंगतं. बुंध्यातून आडवा फुटवा निघालेला असतो आणि त्याच्या टोकाला नवं रोप तयार. ऊन आणि खतावलेलं पाणी मिळालं तर दोन आठवड्यांत रोपं दुप्पट होतात. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. जांभळ्या फुलांच्या मोहाने माणसानेच तिला जगभर नेलं, तिला खाणारे भुंगेरे मात्र मागेच राहिले. वर तिचं बी गाळात 15-20 वर्षं जिवंत राहू शकतं. त्यामुळे एका मोहिमेत पाणी कायमचं मोकळं होईल, असं मी कुणालाच सांगत नाही.

पण दुपटीचा तोच हिशोब आमच्याही कामाचा आहे. काठाला राहिलेली 10 रोपं त्या वेगाने चार महिन्यांत अडीच हजार होतील. म्हणून मोठा ढीग उपसण्यापेक्षा लव्हाळ्यात अडकलेलं एकेक पिल्लू, म्हणजे इवलं रोप, शोधण्यात माझा जीव जास्त गुंततो. फुलण्याआधी काढलं, तर नवं बीही पडत नाही.

सुरुवातीला आम्ही उपसलेलं सगळं थेट गाडीत भरायचो. एकदा बरोबरच्या एक बाई म्हणाल्या, "अहो, मुळ्या जरा झटकून बघा." पांढऱ्या घमेल्यात झटकल्या तर चतुराच्या अळ्या, बारीक गोगलगायी, पारदर्शक झिंगे! इतके दिवस आपण काय काय फेकत होतो, या विचाराने मला फार वाईट वाटलं. आता प्रत्येक रोप पाण्यातच खळखळून घेतो, ढीग काठाशी थोडा वेळ राहू देतो आणि मगच लांब नेतो. काठावरच कुजू दिला तर त्यातलं नत्र, स्फुरद पुन्हा पाण्यात उतरतं. तरंगत्या पानांवर पाणपक्ष्याचं घरटं दिसलं, तर त्या बाजूला हातही लावत नाही.

"आधी सांडपाणी थांबवा," असंही लोक म्हणतात. बरोबरच आहे. खरं मूळ तिथेच आहे, आणि त्यासाठी अर्ज-विनंत्या चालूच असतात. पण तोवर हिरव्या चादरीखाली अंधार साचतो, प्राणवायू कमी होतो आणि मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करतात. ते एकदा पाहिल्यावर मला घरी बसवत नाही.

परवा पश्चिमेच्या कोपऱ्यात फक्त सहा पिल्लं मिळाली. त्याआधीच्या खेपेला तिथे टोपली भरली होती.