तुम्ही विचारलंत म्हणून: प्रभूला सर्वस्व देणे म्हणजे किती देणे?

मंडळीत वचन सांगण्याची जबाबदारी माझ्याकडे आल्यापासून उपासना संपल्यावर एक प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारला जातो. कोणी तो संकोचाने विचारतो, कोणी थोड्या रागाने, पण आशय एकच असतो. प्रभूवर पूर्ण मनाने प्रीती करायची तर सर्व काही सोडावे लागते का, आणि ज्याला संसार, नोकरी, आईवडील आहेत त्याची भक्ती मग कायम अर्धवटच राहणार का? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा तो श्रीमंत मनुष्य असतो, ज्याला येशूने सर्व विकून गोरगरिबांना देण्यास सांगितले आणि जो खिन्न होऊन निघून गेला. मला मात्र या प्रश्नाचे उत्तर बेथानी गावच्या मरीयेकडे, लाजर आणि मार्था यांच्या बहिणीकडे, अधिक स्पष्ट सापडते.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या १२व्या अध्यायात वल्हांडण हा यहुद्यांचा सण सहा दिवसांवर आलेला आहे. लाजर पंक्तीला बसला आहे, मार्था वाढते आहे, आणि मरीया जटामांसीचे शुद्ध तेल आणून येशूच्या पायांना लावते व आपल्या केसांनी ते पाय पुसते. जटामांसी हिमालयाच्या उंच उतारांवर उगवते. तिथून यहूदीयापर्यंत आलेल्या तेलाची किंमत साधी असणे शक्यच नव्हते. येशूचा शिष्य यहूदा इस्कर्योत ती तिथल्या तिथे सांगतो: तीनशे दिनार. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मजुराला दिवसभराच्या कामाचा एक दिनार मिळतो, तेव्हा शब्बाथ म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस आणि सणवार वगळले तर ही जवळजवळ वर्षभराची मजुरी झाली. बेथानीतल्याच अशा प्रसंगाचे वर्णन करताना मार्काने त्या स्त्रीचे नाव दिलेले नाही, पण एक तपशील मात्र जपून ठेवला आहे. तिने तेलाची कुपी फोडली. नुसते झाकण काढून थोडे तेल ओतले असते, तर उरलेले पुन्हा फडताळात ठेवता आले असते, आणि पुढे कधी मन बदलले तर ते विकताही आले असते. कुपी फोडल्यावर मागे फिरण्याची वाटच उरत नाही. पूर्ण मनाची भक्ती कशी असते, हे मला या एका कृतीत जितके दिसते तितके कोणत्याही उपदेशात दिसलेले नाही.

यहूदाचा आक्षेप ऐकायला किती वाजवी आहे, हे आपण फार घाईने विसरतो. ते तेल विकून गरिबांना का दिले नाही, असे आज कोणी विचारले तर आपल्यापैकी अनेकजण मान डोलावतील. योहान सांगतो की सर्वांच्या पैशांची थैली यहूदाजवळ असे आणि तीत पडेल ते तो चोरून घेत असे. म्हणजे स्वतःचे काहीही न देणारा मनुष्य दुसरीच्या अर्पणाचा हिशेब मांडत होता. येशूने गरिबांना दूर सारले नाही. त्यांचे बरे तुम्हाला वाटेल तेव्हा करता येईल, असे तो म्हणतो. पण त्या स्त्रीविषयी त्याने सांगितले की हिला जे करता आले ते हिने केले. तिने हातचे राखले नाही हे जितके खरे, तितकेच हेही खरे की तिला करता येण्याजोगे होते तेवढेच तिच्याकडून स्वीकारले गेले. त्याच घरात वाढत असलेल्या मार्थेला येशूने ‘तुझी कुपी कुठे आहे?’ असे विचारले नाही.

म्हणून सर्व सोडण्याची आज्ञा प्रत्येकाला सारखीच आहे, असे मला वाटत नाही. लेवीला जकातनाक्यावरून उठवून येशूने आपल्यामागे बोलावले. पण गरसेकरांच्या प्रदेशात भूतग्रस्तीतून बरा झालेला मनुष्य तारवात घेण्याची विनंती करू लागला, तेव्हा त्याला आपल्या घरी, आपल्या माणसांकडे परत पाठवले. जाळी सोडणारा पेत्र आणि घरी परतणारा हा मनुष्य, दोघेही आज्ञेत राहिले.

याचा अर्थ भक्तीला किंमतच नसते, असा कोणी घेऊ नये. अरवना यबूसी आपले खळे, बैल आणि आउते दावीदाला फुकट देऊ करतो, तेव्हा राजा म्हणतो की मला काही खर्च पडला नाही असे होमार्पण मी परमेश्वराला करणार नाही, आणि ५० शेकेल रुपे मोजून तो ते खळे व बैल विकत घेतो. मात्र इथे एक गोष्ट मी नेहमी आवर्जून दाखवतो. दावीदाने स्वतःचे रुपे मोजले.

दुसऱ्याच्या वाट्याचे अर्पण करणे फार सोपे असते, आणि त्याला भक्तीचे नाव देणे त्याहून सोपे. एका भावाने मला मोठ्या आनंदाने सांगितले की तो नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत उतरणार आहे, आणि त्या वेळी शेजारी उभी असलेली त्याची पत्नी एक शब्दही बोलली नाही. तुम्ही दोघांनी मिळून यासाठी प्रार्थना केलीत का, असे मी विचारले, तेव्हा त्याने प्रथमच तिच्याकडे पाहिले. घरभाडे आणि मुलांच्या शाळेची फी कुठून येणार, हा प्रश्न ती एकटीच सोसत होती. मार्काच्या ७व्या अध्यायात येशूचे सर्वांत कठोर शब्द अशाच वृत्तीसाठी आहेत. आईवडिलांना जे द्यायचे ते ‘कुर्बान’ म्हणजे देवाला वाहिलेले आहे असे सांगून त्यांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना तो म्हणतो की तुम्ही देवाचे वचन रद्द करता. आपल्या मंडळ्यांमध्ये हे वचन फार कमी वेळा वाचले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

नुकसान जितके मोठे तितकी भक्ती खरी, हाही समज मला मान्य नाही. बेल्जियमचे फादर डेमियन १८७३ मध्ये हवाईतील मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत गेले, त्यांच्या जखमा बांधल्या, त्यांच्यासाठी घरे उभारली, शवपेट्या बनवल्या, आणि शेवटी त्याच रोगाने १८८९ मध्ये वयाच्या ४९व्या वर्षी वारले. त्यांचे नाव अनेकांना ठाऊक असते. सिस्टर मरियान कोप यांचे नाव मात्र क्वचितच कोणी घेते. रुग्णालय चालवण्याचा अनुभव असलेली ही जोगीण १८८८ मध्ये त्याच वसाहतीत गेली, स्वच्छतेचे नियम काटेकोरपणे पाळत तिने रुग्णांची शुश्रूषा केली, आणि १९१८ मध्ये वयाच्या ८०व्या वर्षी ती वारली. तिला तो रोग कधीच झाला नाही. ३० वर्षे ती तिथेच राहिली. तिचे देणे डेमियन यांच्यापेक्षा उणे होते, असे म्हणण्याचे धाडस माझ्याने होत नाही. प्रेषित पौल तर स्पष्टच लिहितो की मी आपले सर्व धन अन्नदानार्थ दिले, आपले शरीरही अर्पण केले, पण माझ्या ठायी प्रीती नसेल तर मला काही लाभ नाही.

हा प्रश्न मला सर्वांत व्याकूळ होऊन विचारला तो आमच्या गायकवृंदातल्या एका बहिणीने. तिच्या सासूबाई पक्षाघाताने अंथरुणाला खिळल्या आहेत. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, मग दोन गुडघ्यांमध्ये उशी, मग चादरीला पडलेली चुणी सरळ करणे, कारण तेवढ्या चुणीनेही नाजूक कातडी सोलवटते. गाणे सुटले, बायबल अभ्यास सुटला, आणि माझ्याकडून आता प्रभूची काहीच सेवा होत नाही, असे म्हणताना ती रडत होती. मी तिला ‘हिला जे करता आले ते हिने केले’ हेच वचन वाचून दाखवले. पण नुसते वचन ऐकवून तिला घरी पाठवणे मला योग्य वाटले नाही, म्हणून मी मंडळीतल्या दोघींशी बोललो. कूस कशी बदलायची ते त्या तिच्याकडून शिकल्या. आता एका रविवारी एक आणि पुढच्या रविवारी दुसरी सासूबाईंजवळ बसते आणि ती उपासनेला येते; जिची पाळी असते, तिची त्या दिवशीची उपासना चुकते.