तापाचा पेशंट कार्डिअ‍ॅकला

कॅज्युअल्टीतून फोन आला, साठीचे एक काका वर पाठवतोय, छातीत दाब आहे आणि चार दिवस ताप-खोकला, मास्क लावून घ्या. आमच्या आयसीयूत तापाचा पेशंट म्हटलं की तोंडं वाकडी होतातच, आमचा रेसिडेंट तर बोललाही, खोकून खोकून छाती दुखत असेल. ईसीजी मी काढला. व्ही 2 ते व्ही 4 या लीडमध्ये एसटीची रेघ चक्क वर चढलेली, म्हणजे हार्टच्या पुढच्या भिंतीचा अटॅक. मग पुढचं नेहमीचंच, अ‍ॅस्पिरिन चावायला दिली, सह्या घेतल्या, हार्टच्या नळ्या तपासून उघडतात त्या कॅथ लॅबमध्ये.

काकांना दोन वर्षांपूर्वी हार्टच्या उजव्या नळीत स्टेंट टाकलेला, तो एकदम मोकळा. बंद होती डावीकडची पुढची नळी, जिच्यात तेव्हा किरकोळ अडथळा होता म्हणून तिला हात लावला नव्हता. घशाचा स्वॅब इन्फ्लुएन्झा ए, म्हणजे फ्लू, पॉझिटिव्ह.

काकू बाहेर मला धरून बसल्या. "सिस्टर, एक गोळी चुकवली नाही हो यांनी, सिगारेट सोडली, रोज चालतात, मग काय राहिलं?" आणि खरंच त्यांच्याकडून काही राहिलं नव्हतं, मी जुनी फाईल बघितली ना, गोळ्या, शुगर, मीठ, व्यायाम सगळं लिहिलेलं, फक्त फ्लूच्या लसीचा शब्द नाही.

लोकांना वाटतं फ्लू म्हणजे नाक गळणं. पण तापात हार्ट जोरात धावतं, फुप्फुसातून ऑक्सिजन कमी येतो, अंगभर सूज पेटते आणि नळीतल्या चरबीच्या थरावरचं पातळ कव्हर फुटतं, वर रक्तही लवकर गोठतं. कॅनडातल्या 2018 च्या अभ्यासात, टेस्टने पक्का झालेल्या फ्लूच्या पहिल्या 7 दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण एरवीच्या साधारण 6 पट निघालं. काका बरोब्बर त्याच आठवड्यात आले. लस घेतली असती तर अटॅक टळलाच असता असं मी छातीठोकपणे नाही म्हणणार, लस आणि फिरणारा व्हायरस जुळून आलेल्या वर्षीही ती फ्लूविरुद्ध 40 ते 60 टक्केच काम करते. पण 2021 मध्ये आलेला एक ट्रायल आहे, त्यात अडीच हजारावर पेशंट, बहुतेक ताज्या अटॅकचे, अर्ध्यांना अ‍ॅडमिशनमध्येच लस, अर्ध्यांना नुसतं सलाईन टोचलं. वर्षभरात मृत्यू 2.9 टक्के विरुद्ध 4.9. कोविडमुळे तो मध्येच थांबवावा लागला, तरी एवढा फरक. एखाद्या महागड्या गोळीने हा फरक दाखवला असता तर औषध कंपन्यांच्या एमआर लोकांनी आमच्या दारात मुक्काम ठोकला असता.

ताप जाऊन काका जनरलला शिफ्ट झाल्यावर राऊंडला मी विषय काढला. रेसिडेंट म्हणे आत्ताच फ्लू झालाय, आता कशाला? सर म्हणाले लसीत तीन प्रकार असतात, झालाय एक, द्या. (सर असे तेवढ्यापुरते छान बोलतात.) आता लस आमच्या फ्रीजमध्ये नसतेच, बालरोगाच्या वॉर्डातून आणली, 2 ते 8 डिग्रीत, बर्फाला टेकू न देता. काका रक्त पातळ करायच्या दोन गोळ्यांवर, म्हणून बारीक सुई, दंडात सरळ आत, आणि मग दोन मिनिटं नुसतं दाबून धरायचं, चोळायचं नाही. नवीन पोरी हमखास चोळतात आणि दुसऱ्या दिवशी दंड काळानिळा, मग पेशंट म्हणतो लस बाधली.

"याने परत ताप आला तर?" काकांनी विचारलं. म्हटलं यातला व्हायरस मेलेला आहे, दंड दुखेल, फार तर एखादा दिवस कणकण, फ्लू नाही होणार. काकूंनी लगेच बाही वर केली, मलाही द्या. त्यांना ओपीडीत पाठवलं, घरातल्यांनीही घेतलेलीच बरी.

डिस्चार्ज कार्डावर मी 'फ्लूची लस दिली, दरवर्षी घेणे' असं टाईप करायला सांगितलं, तर टेम्प्लेटमध्ये कॉलमच नाही. शेवटी पेनाने लिहून सही केली. कॉलमसाठी आयटीला अर्ज केला, ते म्हणाले कार्डिऑलॉजीकडून मागणी आणा. कार्डिऑलॉजीच्या ऑफिसात गेले तर क्लार्क म्हणतो, लस ना, तो मेडिसिनचा विषय.