काहिलीतली खीर आणि शाळेची भिंत

कोयनाकाठच्या आमच्या गावातली हायस्कूलची जुनी इमारत म्हणजे मुळात एक वाडा. रयत शिक्षण संस्थेची शाळा गावात यायचं ठरलं तेव्हा त्या घराण्यानं तो शाळेला देऊन टाकला. चौसोपी बांधणी, सागवानी खांब, वर मंगलोरी कौलं आणि भिंती दगड-मातीच्या. मागच्या दोन खोल्या मात्र गावानं आणि पोरांनी श्रमदानानं उभ्या केल्या. माझा थोरला भाऊ नदीतून दगड आणणाऱ्या रांगेत होता. तो शिकून बाहेर पडला, मी आत आलो, आणि त्याचा दगड कुठला हे मी कितीतरी दिवस शोधत राहिलो.

वर्षाचा पहिला मोठा दिवस २२ सप्टेंबर, संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील, आमचे अण्णा, यांची जयंती. सकाळी प्रभातफेरी निघायची. पुढं लेझीम, मागं बैलगाडीत अण्णांचा फोटो आणि आम्ही घोषणा देत गल्लीगल्लीतून. मग सर सांगायचे, १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी संस्था कशी सुरू झाली, १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृह कसं निघालं. तिथल्या मुलांची चूल पेटती राहावी म्हणून अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, हे सांगताना सरांचा आवाज दरवर्षी त्याच जागी भरून यायचा. आम्हाला तो क्षण ठाऊक असायचा, तरी आम्ही वाट बघत बसायचो.

पण खरी धमाल स्नेहसंमेलनाची. आठ दिवस आधीपासून अभ्यास मागं पडायचा. बाकं जोडून स्टेज, त्यावर सतरंज्या, पडद्याला कुणाच्या तरी घरच्या चादरी. गॅसबत्त्या भाड्यानं यायच्या आणि त्यांना पंप मारायचा मान नववीच्या मुलांकडं. नाटिका, पोवाडा आणि शेवटी शेला-पागोटे, म्हणजे एकेकाला दिलेल्या गमतीच्या पदव्या. त्यात कुणाला काय मिळणार यावरून शाळेत दोन दिवस कुजबुज चाललेली असायची.

जेवणाला खीर, खपली गव्हाची. घरोघरच्या आया गहू भिजवून, उखळात कांडून पाठवून द्यायच्या. शिजवायला एवढं मोठं भांडं शाळेकडं कुठलं? मग गावाबाहेरच्या गुऱ्हाळावरून काहील यायची. चौघं-पाचजण ती उचलून आणायचे, आम्ही राखेनं आणि काथ्यानं घासायचो. कितीही घासली तरी कडेच्या कानाकोपऱ्यांतून गुळाचा वास जायचा नाही. त्या वासानंच खीर गोड होते, असं आम्हा पोरांचं ठाम मत होतं.

मी आठवीत होतो. ११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटेचे सव्वाचार वाजून गेलेले. घर हललं आणि आईनं आम्हाला ओढून अंगणात आणलं. भूकंपात कोयनानगरला दीडशेहून अधिक माणसं गेल्याचं पुढं कळलं. उजाडल्यावर आम्ही शाळेकडं पळालो. समोरची अख्खी भिंत ढासळून रस्त्यावर पडली होती, पण छप्पर जागेवर होतं. सुतारकाकांनी दाखवलं, तुळया भिंतीवर टेकलेल्याच नव्हत्या, सगळा भार खांबांवर. दगड-मातीची भिंत हादऱ्यानं फुटली, लाकडानं मात्र लवून तो सोसला. त्या सागवानाला मी त्या दिवशी हात जोडले.

पुढचे दोन महिने वर्ग वडाखाली भरले. संस्थेचं बोधचिन्हच वटवृक्ष, त्यामुळं गुरुजींना त्याचं फार कौतुक. त्या वर्षी संमेलन नको, असं काहीजणांचं म्हणणं पडलं. कुणाच्या घरात माणूस गेलेलं, कुणाला राहायला छप्पर नव्हतं. हेडमास्तर म्हणाले, नाटक नको, गाणी नकोत, पण पंगत झालीच पाहिजे. फेब्रुवारीत, पडक्या भिंतीसमोर, वडाखाली पंगत बसली. ज्यांचं घर पडलं होतं ती माणसं आधी वाढून घेतील, एवढाच काय तो कार्यक्रम. मी आयुष्यात बरीच संमेलनं पाहिली, पण मला हेच सगळ्यांत मोठं वाटतं.

भिंत पुढं पुन्हा बांधली, या वेळी चुन्या-सिमेंटात. जुन्या आणि नव्या बांधकामाचा सांधा अजून ओळखू येतो.

शाळा आता पलीकडं नव्या इमारतीत गेली आहे. मुलांसाठी ते चांगलंच झालं. पावसाळ्यात त्यांना बाकं सरकवत बसावं लागत नाही. पण जुनी इमारत पाडू नये असं मला मनापासून वाटतं. खांब अजून खणखणीत आहेत. म्हणून आम्ही माजी विद्यार्थी दर जानेवारीत मेळावा तिथंच, ओसरीवर घेतो. साठीपासून पंचाहत्तरीपर्यंतची माणसं एकमेकांना बाळ्या, शिर्प्या म्हणून हाका मारतात.

यंदा काहीलच मिळेना. गावातली गुऱ्हाळं बंद पडून वर्षं झाली. शेवटी दोघं टेम्पो घेऊन शेजारच्या गावी गेले आणि एका गुऱ्हाळवाल्याकडून घेऊन आले. घासायला आम्हीच बसलो. काथ्या फिरवता फिरवता मी कडेला नाक नेलं. वास होता.