पोचला का फोन लावजो

आमच्या कोल्हापूरच्या आत्याला यवतमाळ म्हणजे परदेशच. "तिकडं प्यायला पाणी तरी गावतंय का रे?" हे मी कृषी पदवीची तीन वर्षं ऐकलं. खरं तर ती तीन वर्षं मीही होस्टेल आणि मेस एवढ्यातच काढली. विदर्भ दिसला तो सातव्या सेमिस्टरला, 'रावे'मध्ये, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवात. 'कृषिदूत' असं भारदस्त नाव देऊन आम्हा चौघांना जूनअखेरीस दारव्हा तालुक्यातल्या एका गावात सोडलं. दिवाळी झाल्यावर मी निघालो, त्या निघण्याची ही गोष्ट.

आदल्या दिवशी वावरात रोडग्यांचा बेत होता. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे गोळे भाजायचे, फडक्यानं राख झटकायची, फोडून वर तूप ओतायचं आणि वांग्याच्या झणझणीत भाजीशी खायचे. तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या माणसालाही नाकातून पाणी येतं. मी साडेतीन खाल्ले. घरमालक काकांचा मुलगा, माझ्याच वयाचा, सहाव्यावर होता.

समोर कापूस फुटलेला. वेचणीच्या आधी काकूंनी धुऱ्याजवळ सीतादहीची पूजा केली होती, दहीभात शिंपडला होता. त्याच वावरात जुलैमध्ये आम्ही गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावले, तेव्हा हा पठ्ठ्या हसला होता. "ह्या पन्नीत अळी येऊन पडते म्हनतं का बे?" अळी नाही, मादीच्या गंधाला भुलून नर पतंग पडतात. सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ किंवा त्याहून जास्त पतंग आले की उपाय करायचा, हे मी पुस्तकातून पाठ करून आलेलो. रोज सकाळी आम्ही दोघं पतंग मोजायला जायचो. पण एक दिवस त्यानंच एक फूल तोडून हातावर ठेवलं. पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या, गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं. त्यानं नखानं उघडलं, आत इवलीशी अळी. "हे डोमकळी. तुह्या सापळ्यात किती होते काल?" सहा होते. माझा आकडा पोचायच्या आत त्याचा डोळा पोचला होता. त्या दिवसापासून त्यानं मला 'सर' म्हणायला सुरुवात केली, तेही मुद्दाम, चारचौघांत.

फवारणीला मात्र काकू मास्क, हातमोजे घातल्याशिवाय कोणालाच सोडायच्या नाहीत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, त्याबद्दल त्या घरात फारसं कोणी बोलत नसे. पंप उचलला की काकू दारात उभ्या असत, एवढंच.

निघायच्या सकाळी नऊला बाहेर पडायचं ठरलं होतं. अकरा वाजले. गल्लीत सात घरी चहा झाला, आठव्या घरी आजी ओट्यावर बसलेल्या. या आजींचं आणि माझं जुनं भांडण. पहिल्या आठवड्यात आम्ही शाळेसमोर रांगोळीनं गावाचा नकाशा काढला होता. मारुती, विहीर, ग्रामपंचायत, नाला, सगळं रंगवून झालं आणि आजी काठी टेकत आल्या. "माहं घर कुठं हाय याच्यात?" नव्हतं. अख्खी बोळच राहिली होती. "इतके शिकले पोट्टे, अन् माहं घर नाई दिसलं बा तुमाले!" मग नाल्याकाठी गुलालाची एक चिमूट टाकून घर उभं केलं. तेव्हापासून मला पाहिलं की विचारायच्या, "सापडलं का घर?" आजही तेच विचारलं. मी पाया पडलो, तर हातात शेंगदाण्याची पुडी कोंबली. मी मान खालीच ठेवली.

माझे तिघे सोबती अहवाल पुरा करायला दोन दिवस मागे राहणार होते. कॉलेजात ते पुन्हा भेटणारच, त्यामुळे त्यांनी हात हलवायचेही कष्ट घेतले नाहीत. काकांचा मुलगा मात्र माझी ट्रंक मोटारसायकलवर बांधून दारव्ह्यापर्यंत आला, आणि तिथं गाडी ओळखीच्या दुकानासमोर लावून सरळ बसमध्ये चढला.

"तू कुठं?"

"बडनेऱ्याले काम हाय. पंपाचं नोझल घ्याचं हाय."

पंपाचं नोझल दारव्ह्यातल्या कुठल्याही कृषी केंद्रात मिळतं. मी काही बोललो नाही. नेरमार्गे बडनेऱ्यापर्यंत आम्ही कापसाच्या भावावर आणि त्याच्या बहिणीच्या लग्नावर बोललो. महाराष्ट्र एक्स्प्रेस आली. त्यानं ट्रंक सीटखाली ढकलली, खाली उतरला, खिडकीशी आला. "पोचला का फोन लावजो. अन् ते डबे रातच्यालेच खाऊन घेजो, खराब होतीन." गाडी हलली तसा तो चार पावलं चालला, मग थांबला.

मूर्तिजापूर आलं. यवतमाळहून दारव्ह्यावरून येणारी, आता बंद पडलेली 'शकुंतला' या छोट्या गाडीची नॅरोगेज लाइन इथंच संपते. ती सुरू असती तर आम्ही तिनंच आलो असतो, हे सांगायला मी त्याला फोन लावला. मग सहज विचारलं, "नोझल मिळालं का?"

"कायचं नोझल बे?"