आधी पोटावर हात, मग मोबाइल

रात्रीचे अडीच वाजले होते. इथे इंग्लंडमधल्या लेस्टरला आमच्या प्रसूती विभागाचा फोन चोवीस तास चालू असतो आणि त्या रात्री तो माझ्याकडे होता. पलीकडची बाई अडखळत इंग्रजी बोलत होती. आडनाव ऐकलं आणि मी सरळ मराठीत म्हटलं, "बोला, काय होतंय?" क्षणभर शांतता, मग सगळं एकदम बाहेर आलं. "ताई, मला चौतिसावा आठवडा आहे. दुपारपासून बाळ नेहमीसारखं हलत नाहीये. पण मोबाइलच्या अ‍ॅपवर ठोके ऐकू येतायत हो. सकाळी आले तर चालेल का?"

"नाही चालणार. आत्ता निघा. बॅग भरत बसू नका."

शेजारी माझी विद्यार्थिनी बसली होती, मिडवाइफरीच्या, म्हणजे सुईणीच्या शिक्षणाच्या, दुसऱ्या वर्षाची. बोलणं काय झालं ते तिला सांगितलं, तर तिने विचारलं, "ठोके मिळतायत, मग इतकी घाई कशाला?" तिने हे विचारलं याचा मला फार आनंद झाला. मिरजेला नर्सिंग शिकताना आम्ही असले प्रश्न गिळून टाकायचो. सिस्टरांना उलट विचारणं म्हणजे आगाऊपणा.

फोनच्या माइकवर किंवा घरी विकत आणलेल्या डॉप्लरवर (ठोके ऐकायच्या छोट्या यंत्रावर) जे धडधडतं, ती आईचीच नाडी असू शकते, वारेतून वाहणाऱ्या रक्ताचा आवाज असू शकतो. आणि ठोके खरोखर बाळाचे असले, तरी बाळ बरं आहे असं त्यावरून ठरत नाही. हालचाल मंदावणं ही आधीची खूण असते, ठोके थांबणं ही फार उशिराची. दिवस भरत आले की बाळ कमी हलतं, हाही गैरसमजच.

ती आली, पोटाला पट्टे बांधून ठोक्यांचा आलेख काढला, सगळं नीट निघालं. जाताना ओशाळून म्हणाली, "उगाच त्रास दिला." मी म्हटलं, "उद्या तसंच वाटलं तर उद्या परत या."

इथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलने २०१८ साली विद्यार्थिनींना शिकवण्याचे नियम बदलले. शिकवणारी आणि तपासणारी एकच, अशा अर्थाचा जुना 'मेंटॉर' हा शब्द कागदावरून गेला. आता रोज सोबत राहून शिकवणारी वेगळी आणि पास-नापास ठरवणारी वेगळी. मला हे मनापासून पटतं. सही माझ्या हातात नसते, म्हणून मुलगी माझ्यासमोर मोकळेपणाने चुकते. विद्यार्थिनीने साधारण ४० बाळंतपणं स्वतःच्या हाताने करायची असतात. तो आकडा गाठता येतो. बाईचं ऐकून घ्यायला मात्र कुणीतरी शेजारी बसून शिकवावं लागतं.

त्या रात्रीनंतर आम्ही दोघींनी गरोदरपणाची अ‍ॅप तपासायला घेतली. २०१५ साली ऑस्ट्रेलियात तयार झालेली 'मोबाइल अ‍ॅप रेटिंग स्केल' ही २३ प्रश्नांची मोजपट्टी वापरली. एका अ‍ॅपला दिसण्याचे गुण भरघोस मिळाले. या आठवड्यात बाळ कोणत्या फळाएवढं, त्याचं चित्र इतकं गोड! मग मी तिला म्हटलं, आता तू घाबरलेली बाई हो आणि 'रक्त जातंय' असं लिही. तीन पानं उलटल्यावर मदतीचा नंबर सापडला, तोही ९११. तो अमेरिकेतला. इथे ९९९ लावायचा असतो. मुलगी बराच वेळ त्या पडद्याकडे बघत राहिली. मोजपट्टीवर या चुकीसाठी वेगळा रकाना नाही, म्हणून तिने वहीत स्वतःचा एक प्रश्न वाढवला: रात्री तीन वाजता हे अ‍ॅप बाईला कुठे पाठवतं?

तिला मी आपल्याकडच्या 'एम-मित्र'बद्दल सांगितलं. मुंबईच्या 'अरमान' संस्थेची ही सेवा. स्मार्टफोन लागत नाही, साध्या फोनवर बाईच्या भाषेत, तिने सांगितलेल्या वेळेला, तिच्या महिन्याप्रमाणे माहितीचा कॉल येतो. वाचता न येणाऱ्या बाईपर्यंतही तो पोहोचतो. आम्ही तपासलेल्या एकाही चकचकीत अ‍ॅपला हे जमलेलं नव्हतं.

घरात कुणी गरोदर असेल तर आज तिचं अ‍ॅप उघडून बघा. बाळाची हालचाल कमी झाली तर ते काय सांगतं? 'थोडं थांबा' म्हणत असेल तर ते काढून टाका आणि दवाखान्याचा नंबर, १०२ आणि १०८ तिच्या फोनमध्ये घाला. आणि मराठीतलं एखादं अ‍ॅप तुमच्या बघण्यात असेल तर मला नाव कळवा. पुढच्या रात्रपाळीला आम्ही दोघी ते तपासायला घेऊ.